लेकीच्या कॉलेजचा पेपर

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये, आमच्या स्वयंपाकघरात, सकाळच्या चहाबरोबर मी फोनवर दोन ठिकाणच्या बातम्या वाचते. आधी सांगलीच्या. पावसाळ्यात तर आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं, हे बघितल्याशिवाय घोट उतरत नाही. आणि मग 'मिशिगन डेली'. सांगली बाबांसाठी, डेली लेकीसाठी. दोघंही स्वतःहून काही सांगत नाहीत. विचारलं की "सगळं ठीक आहे", संपलं.

चिऊ 2023 च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅन आर्बरला, युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनला गेली. आमच्याकडून गाडीने चार-साडेचार तास. जाण्याआधी पालकांसाठी ओरिएंटेशन होतं. त्यात एका बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितलं की मुलांचे मार्क, हजेरी, कोणते विषय घेतले, कोणते सोडले, यातलं काहीही मुलांच्या परवानगीशिवाय तुम्हाला कळवलं जाणार नाही. 1974 चा कायदा आहे, फर्पा म्हणतात त्याला. मूल कॉलेजात गेलं की कागदपत्रांवरचा हक्क त्याचा. आम्ही दुसऱ्या राज्यातले, त्यामुळे फी वर्षाला 60,000 डॉलरच्या घरात. ती भरण्याचा हक्क तेवढा आमच्याकडे ठेवलाय. नवरा पुटपुटला, "आमच्या वेळी निकाल बोर्डावर लागायचा, अख्खी गल्ली बघून यायची."

तिला सोडून आलो त्याच आठवड्यात, रविवारी, फोन केला. जेवलीस का? हो. रूममेट बरी आहे? हो. उद्यापासून क्लास ना? हो गं आई. दुसऱ्या दिवशी सहज डेलीची साइट उघडली, तर पहिलीच बातमी : 27 ऑगस्टच्या दुपारपासून अख्ख्या कॅम्पसचं इंटरनेट बंद. सायबर सुरक्षेच्या भीतीने विद्यापीठाने स्वतःच ते तोडलं होतं, आणि वर्ग सुरू होणार होते 28 ला. म्हणजे पोरीचा कॉलेजचा पहिला दिवस बिननेटचा, आणि आम्हाला "हो गं आई". पुढे बुधवारी नेट परत आलं. मधे मी न राहवून विचारलंच, "अगं, नेट नाहीये म्हणे तुमच्याकडे?" पलीकडे शांतता. मग, "तुला कोणी सांगितलं?"

"असंच. ऐकलं कुठेतरी."

खोटं बोलले. पण त्या दिवसापासून चहाबरोबर डेली सुरू झाला.

हा पेपर साधासुधा नाही. 1890 पासून चालू आहे, म्हणजे आपल्या 'केसरी'पेक्षा नऊच वर्षांनी लहान. बातमीदार, संपादक, फोटोवाले, जाहिराती आणणारे, सगळी मुलंच. विद्यापीठाचा त्यात हात नाही, ना मजकुरात, ना पैशात. नाटककार आर्थर मिलर तिथे शिकत असताना याच पेपरात बातम्या लिहायचा. आणि 2009 मध्ये गावातलं 'अ‍ॅन आर्बर न्यूज' हे रोजचं छापील दैनिक बंद पडलं, तेव्हा शहरात रोज छापला जाणारा पेपर उरला तो या पोरांचाच. आता छापील अंक आठवड्यातून एकदा निघतो, बाकी सगळं ऑनलाइन. एकदा तिला भेटायला गेलो तेव्हा मी मुद्दाम मेनार्ड स्ट्रीटवरून, त्यांच्या ऑफिससमोरून, चालत गेले. चिऊला वाटलं मी रस्ता चुकले.

मला आठवतो तो आमच्या कॉलेजचा वार्षिक अंक. प्राचार्यांचं मनोगत, एनसीसीचा ग्रुप फोटो, पावसावरच्या सात कविता. शिवाय जिन्याजवळ भित्तिपत्रक असायचं. त्याला टाचणी लागण्याआधी सर डोळ्यांखालून घालायचे. हॉस्टेलच्या मेसच्या आमटीबद्दल मी एकदा चार ओळी लिहिल्या होत्या. त्या भिंतीपर्यंत पोचल्या नाहीत. घरच्यांना काय कळायचं? निळ्या अंतर्देशीयावर "इकडील सर्व क्षेम". आमटीबद्दल तिथेही लिहिलं नाही, बाबा मनीऑर्डर वाढवतील म्हणून. तेव्हा चिऊला बोलायला मला तोंड नाही, हे मान्य.

डेलीमुळे मला सगळ्यात उपयोगी कळलेली गोष्ट म्हणजे घराची. आपल्याला वाटतं, पहिलं वर्ष संपत आलं की पुढच्या वर्षाची खोली बघू. अ‍ॅन आर्बरमध्ये पोरं हॉस्टेलात सामान लावतात न लावतात, तोच सप्टेंबर-ऑक्टोबरात पुढच्या ऑगस्टच्या घरांसाठी धावाधाव सुरू. ज्यांच्याशी महिन्याभराची ओळख, त्यांच्याबरोबर वर्षभराच्या भाडेकरारावर सह्या! घाई कमी व्हावी म्हणून शहराने 2021 मध्ये नियमही केला, पण वाचून मला तरी वाटलं नाही की कोणाचा श्वास खाली बसलाय. मी फोनवर शक्य तितक्या निरागसपणे विचारलं, "पुढच्या वर्षी कुणाबरोबर राहायचं ठरलंय का गं?" चिऊ एकदम रडायलाच लागली. तिच्या मजल्यावरच्या चौघींनी घर ठरवलं होतं आणि ही पाचवी उरली होती. तीन आठवडे पोटात ठेवलं होतं तिने. त्या रात्री आम्ही पाऊण तास बोललो. पेपर वाचला नसता तर मी पुन्हा "जेवलीस का" विचारून फोन ठेवला असता.

त्रास होतो तो गुन्ह्यांच्या बातम्यांचा. 1990 च्या क्लेरी कायद्याने इथल्या कॉलेजांना कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची नोंद सर्वांसाठी खुली ठेवावी लागते. चांगलाच कायदा आहे. पण रात्री एक वाजता ती यादी वाचू नये. सायकल चोरली, स्कूटर चोरली, पार्किंगमध्ये कोणी संशयास्पद फिरत होता... बीपीची गोळी चालू असलेल्या आयांनी तर नाहीच नाही. मी आता तिकडे जात नाही. म्हणजे, कमी जाते.

याच्या उलट झालं 2024 च्या एप्रिलमध्ये. कॅम्पसच्या मधोमध 'डायॅग' नावाचा मोठा चौक आहे. गाझाच्या युद्धावरून विद्यार्थ्यांनी तिथे तंबू ठोकले. टीव्हीवर देशभरच्या कॉलेजांतली धरपकड दिसत होती आणि सांगलीहून, नाशिकहून, दुबईहून फोनवर फोन. "पोरीला घरी आण." डेलीत मात्र शांतपणे लिहिलेलं : तंबू कुठे आहेत, मागण्या काय आहेत, विद्यापीठ काय म्हणतंय. परीक्षा चालूच होत्या. चिऊ म्हणाली, "अगं, मी रोज त्यांच्यामधूनच लायब्ररीत जाते." 21 मेच्या पहाटे पोलिसांनी तळ उठवला, तेव्हा ती आमच्याकडे दहापर्यंत झोपत होती. नातेवाइकांना मी डेलीच्याच बातम्या पाठवत राहिले. निम्म्यांनी वाचल्या नाहीत, पण फोन कमी झाले.

'मिशिगन इन कलर' म्हणून त्यांचं एक सदर आहे, गोऱ्यांव्यतिरिक्तच्या मुलांनी आपल्याबद्दल लिहायचं. त्यात देशी मुलांनी घराबद्दल लिहिलेलं दिसलं की मी आरोपीने आरोपपत्र वाचावं तसं वाचते. अजून तरी आमचं नाव आलेलं नाही.

हे सगळं फार दिवस लपणार नव्हतंच. एकदा जेवताना मी कॅम्पसच्या बसच्या बदललेल्या मार्गाबद्दल बोलून गेले. चिऊने चमचा खाली ठेवला. "आई, तू डेली वाचतेस?" मी मान खाली घातली. "कधीपासून?" नेट गेलं तेव्हापासून. ती बराच वेळ हसली, मग म्हणाली, "वाच. पण मला आधी सांगू दे ना कधीतरी." आता ती काही सांगायला लागली की मी पहिल्यांदाच ऐकतेय असा चेहरा करते. जमत नाही फारसं.

बाबांना मी लिंक पाठवायला लागले आणि घोळ वाढला. वय 81, हयात हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात गेली. ते नातीच्या कॉलेजचा पेपर माझ्यापेक्षा बारकाईने वाचतात, आणि आता इतर कॉलेजांचेही. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या अध्यक्षांना, मार्क टेसिए-लव्हिन यांना, राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या शोधनिबंधांबद्दलच्या शंका 'स्टॅनफर्ड डेली'त पहिल्या वर्षाच्या एका मुलाने उकरून काढल्या होत्या. हे कळल्यावर बाबांनी मला दोनदा फोन केला. "पहिल्या वर्षाचा पोरगा, अगं!"

डायॅगच्या मधोमध जमिनीत पितळेचा मोठा 'एम' बसवलेला आहे, 1953 च्या बॅचने दिलेला. पहिली परीक्षा देण्याआधी त्याच्यावर पाय पडला तर मुलगा नापास होतो, असा तिथला समज. मुलं त्याला वळसा घालून जातात. बाबा कट्टर अंधश्रद्धाविरोधी, आमच्या दाराला कधी लिंबू-मिरची लागली नाही, मांजर आडवं गेलं तर ते मुद्दाम पुढे व्हायचे. हे त्यांनी कुठेतरी वाचलं. चिऊच्या पहिल्या परीक्षेच्या आदल्या रात्री सांगलीहून फोन. अभ्यास झाला का, झोप झाली का, हे विचारून झालं. मग जरा खाकरून म्हणाले, "आणि बाळा, उद्या जाताना तो एम जरा लांबूनच..."

"आबा, तुम्ही?"

"अगं, पितळ आहे ते. पाय घसरतो."