कापूस नको, संत्र्याची फोड

छकुलीला घेऊन आमचं नागपूरहून बंगळुरूला विमानानं जायचं ठरलं आणि गल्लीतल्या प्रत्येकाला सल्ला सुचला. विमानात बसलेलं त्यांच्यात कोणीच नव्हतं. सासूबाईंचं एकच पालुपद, "पोरीच्या कानात कापसाचे बोये घाल वं, नाही त कान दुखतीन तिचे." शेजारच्या काकूंनी लिमलेटच्या गोळ्यांची पुडी दिली. दोन वर्षांच्या आतलं लेकरू, त्याला गोळी? घशात अडकली तर विमान काही रस्त्याच्या कडेला थांबत नाही. गोळ्या मीच खाल्ल्या.

कापसाचं म्हणाल तर, दुखणं कानाच्या पडद्यामागे असतं, तिथं बोळा पोचत नाही. चिखलदऱ्याचा घाट चढताना कान बंद होतात ना, तेच हे. चिखलदरा साडेतीन हजार फुटांच्या थोडा वर. विमानाच्या आतला दाब मात्र 6 ते 8 हजार फुटांवर असावा तेवढा उतरतो. पडद्यामागच्या पोकळीतून घशापर्यंत एक बारीक नळी जाते. आपण गिळलं की ती उघडते आणि दाब सारखा होतो. पोरांची ही नळी अरुंद आणि जवळपास आडवी असते, म्हणून त्यांना त्रास जास्त. आणि कान जास्त दुखतात ते चढताना नाही, उतरताना. विमान सुटताच सगळे आयांच्या हाती बाटली देतात, पोरगं पोटभर पिऊन झोपतं आणि खरी गरज लागते तेव्हा ते गिळतच नाही.

म्हणून माझा सगळा भर उतरण्यावर. घरच्या बागेतली मृग बहाराची संत्री डब्यात होती, वरुडच्या माणसाला दुसरं काय सुचणार! उतरायला सुरुवात झाल्याचं सांगितलं तशी मी छकुलीला उठवली. ती चिडली, भोंगा काढला. मग फोड सोलायची, बी काढायची, वरची साल काढून गराचा छोटा तुकडा तोंडात. ती चोखते, गिळते, परत आ करते. माझा ड्रेस पिवळा, बाजूच्या काकांच्या पँटवर दोन थेंब. काका चांगले होते, त्यांनी एक फोड मागून घेतली. जमीन लागेपर्यंत पोरगी कानाला हातसुद्धा लावत नव्हती. सर्दी असती तर मात्र आधी डॉक्टरांना विचारलं असतं, तेव्हा ही नळी तशीच चोंदलेली असते.

बाकी विमानाचा प्रवास म्हणजे पावणेदोन तास. त्याहून जास्त वेळ वरुडहून काटोलमार्गे नागपूर गाठायला लागला, आणि त्यात ती दोनदा ओकली. नागपूरच्या विमानतळावर काउंटरला ग्रामपंचायतीचा जन्माचा दाखला दाखवला, वय बघतात. सासूबाईंनी बॅगेत कोंबलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आम्ही घरीच काढून ठेवल्या होत्या. चेक-इनच्या सामानात खोबरं चालत नाही, त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं. उकळलेलं पाणी आणि दूध बाळासाठी म्हणून सोडलं. छकुलीच्या चांदीच्या वाळ्यांवर मात्र तपासणीचं यंत्र टींटीं करत राहिलं आणि ती खुश होऊन पाय आपटत राहिली.

आत एअर होस्टेसनं माझ्या पट्ट्यात अडकवायचा छोटा पट्टा आणून दिला. दोन वर्षांखालच्या मुलाला वेगळी सीट नसते, मांडीवरच बसायचं.

आता तीच भानगड परतीची. वय प्रवासाच्या तारखेला मोजतात आणि छकुलीला एप्रिलमध्ये दोन पूर्ण होतात. म्हणजे येताना तिचं पूर्ण तिकीट, आणि विमान सुटताना-उतरताना तिनं स्वतःच्या सीटवर पट्टा बांधून बसायचं. बंगळुरूच्या घरी तिचे बाबा रोज खुर्चीला ओढणी बांधून तालीम घेतात. बसायला ती अजून तयार नाही, गाठ सोडायला मात्र शिकली आहे.