लेकीच्या डोक्यातल्या उवा आणि आमची फणी (माझा अनुभव)

आधीच सांगून ठेवते, विषय उवांचा आहे, जेवता जेवता वाचत असाल तर नंतर वाचा. वाचताना डोकं खाजणार हे पण गृहीत धरा, माझं लिहिताना खाजतंय.

लेक दुसरीत आहे, केस दाट आणि पाठीवर रुळतील एवढे, शाळेत दोन वेण्या कंपल्सरी. गणपती झाल्यावर कधीतरी ती अभ्यास करताना पेन्सिलीनेच कानामागे खाजवायला लागली. सासूबाईंनी तिला गॅलरीत उजेडात बसवलं, मानेवरचे केस वर केले आणि मिनिटभरात निकाल दिला, "लिखा धरल्यात गं, उवा पण आहेत." मग घरात जे व्हायचं ते झालं. लेकीने भोकाड पसरलं, नवरा उशी काखेत मारून हॉलमध्ये झोपायला निघाला, आणि सासूबाईंनी एका दमात तीन उपाय सांगितले, कापूर घातलेलं खोबरेल लाव, नाहीतर सीताफळाच्या बिया वाटून लाव, नाहीतर सरळ चकोट कर, केस काय परत येतात.

बियांना मी तिथंच नाही म्हटलं. सीताफळाच्या बियांनी उवा मरतात हे खरंय, आपल्याकडे कितीतरी पिढ्या हे करत आल्यात, पण ती पूड किंवा डोकं धुतानाचं पाणी डोळ्यात गेलं ना तर बुबुळाला जखम होते, भयंकर आग होते, अंधुक दिसायला लागतं, आणि असे पेशंट आपल्याकडे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे येतात. सात वर्षांची पोर डोकं धुताना शांत बसणारे का? रॉकेलचं तर नावच नको, पेटलं तर काय करणार. आणि झुरळांचा स्प्रे डोक्यात मारणारे पण लोक आहेत, त्यांच्यापुढे हात जोडले. कापराचं मला वाटायचं निरुपद्रवी असेल, पण डॉक्टर म्हणाले की कापूर चुकून पोटात गेला तर लहान मुलांना फिट येऊ शकते, घरात धाकटा तीन वर्षांचा आहे आणि तो हाताला लागेल ते तोंडात घालतो, त्यामुळे ती वाटी पण रद्द. सासूबाईंना हे मी सांगितलं तेव्हा "आम्ही लावलं, आम्हाला काय झालं" असं उत्तर आलं, डॉक्टरांनी सांगितलं म्हटल्यावर लगेच पटलं. असो.

नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेले तेव्हा खरं सांगायचं तर लाज वाटत होती, वेटिंगमध्ये बाकीच्या आयांपासून लांब बसले. ते मात्र एकदम कूल. म्हणाले, उवा अस्वच्छतेने होत नाहीत, धुतलेलं डोकं आणि न धुतलेलं डोकं उवेला सारखंच. तिला पंख नाहीत, उडी मारता येत नाही, ती फक्त चालते, म्हणजे डोक्याला डोकं लागलं की या केसावरून त्या केसावर. व्हॅनमध्ये एकमेकींच्या खांद्यावर डोकी टाकून झोपणाऱ्या पोरी, गॅदरिंगची प्रॅक्टिस, एका मोबाईलवर चार जणींनी वाकून व्हिडिओ बघणं, बस. कुत्र्यामांजराकडून येत नाहीत आणि त्यांना होत पण नाहीत. आणि आपल्या डोक्यातल्या उवांमुळे रोगबिग पसरत नाहीत, त्रास असतो तो खाजेचा आणि खाजवून झालेल्या जखमांचा. एक गोष्ट ऐकून मी उडालेच, पहिल्यांदाच उवा झाल्या असतील तर खाज सुरू व्हायलाच चार ते सहा आठवडे लागू शकतात, कारण ती खाज चावण्याची नसते, उवेच्या लाळेची ॲलर्जी असते. म्हणजे गणपतीत जेव्हा अख्खी सोसायटी आरतीला एकमेकांना चिकटून उभी होती तेव्हाच पाहुणे आलेले असणार.

पुढचं गणित सगळ्यात महत्त्वाचं, हे कळलं की बाकी आपोआप कळतं. मादी दिवसाला साधारण सहा ते दहा अंडी घालते, म्हणजे लिखा. त्या केसाच्या मुळाशी डिंकासारख्या चिकटलेल्या असतात. सात ते दहा दिवसांत लीख फुटून पिल्लू बाहेर, आणि ते पिल्लू अजून नऊ ते बारा दिवसांत मोठं होऊन स्वतः अंडी घालायला मोकळं. मोठी ऊ डोक्यावर महिनाभर जगते, डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत मरते. आता बघा, मेडिकलमधून जे लोशन आणतो ते चालत्या उवा मारतं, सगळ्या लिखा मारत नाही. म्हणून "औषध लावलं, आठवड्यात परत झाल्या" असं जे सगळ्या म्हणतात, त्यात बऱ्याचदा परत कुठून आलेल्याच नसतात, डोक्यातल्याच लिखा फुटलेल्या असतात.

आम्हाला पर्मेथ्रिन एक टक्कावालं लोशन दिलं. ते लावायची पद्धत फार लोकांना नीट माहीत नसते म्हणून लिहिते. केस आधी साध्या शांपूने धुवायचे, कंडिशनर अजिबात नाही, कारण त्याने औषध केसाला नीट लागत नाही. टॉवेलने टिपून ओलसर ठेवायचे. मग लोशन मुळापासून टोकापर्यंत, कानामागे आणि मानेच्या वरच्या भागात जास्त, घड्याळ लावून दहा मिनिटं, रात्रभर वगैरे नाही, जास्त वेळ ठेवलं म्हणजे जास्त मरतात असं काही नसतं. धुताना पोरीला शॉवरखाली उभं करायचं नाही, बेसिनवर किंवा बादलीवर वाकवून धुवायचं म्हणजे औषध अंगभर जात नाही, डोळ्यांवर कोरडा नॅपकिन धरायला द्यायचा. नंतर एक-दोन दिवस डोक्याला शांपू नाही. आणि हा दुसरा डोस, आम्हाला नवव्या दिवशी सांगितला होता, उवा दिसोत न दिसोत तो लावायचाच, कारण तोपर्यंत उरलेल्या बहुतेक लिखा फुटलेल्या असतात आणि पिल्लं अजून अंडी घालायच्या वयाची नसतात. मी कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी लाल पेनाने गोल केला.

पण मला विचाराल तर औषध हे अर्धंच काम. उरलेलं काम फणीचं, आणि तेच कोणाला नको असतं.

फणी स्टीलची घ्या. लोशनबरोबर खोक्यात जी प्लास्टिकची येते तिचे दात दाट केसात वाकतात आणि लिखा निवांत मधून निघून जातात. स्टीलची, लांब बारीक दातांची, दातांवर आडव्या खाचा असलेली मिळते, मला दोन-अडीचशेला मिळाली. दोन डोसच्या मधल्या दिवसांत आम्ही ओल्या केसांची फणी करायचो, दर तीन-चार दिवसांनी. केस धुवायचे, मग कंडिशनर भरपूर, हात आखडता घ्यायचा नाही, वाटीभर लागला तरी चालेल, महागडा नको, दुकानातला सगळ्यात स्वस्त आणा. कंडिशनरने ऊ थोडा वेळ सुस्त होते, पळत नाही, आणि फणी पण गुंता न होता सरकते. आधी मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढायचा, हे सोडलंत तर पोरगी परत कधी तुमच्यासमोर बसणार नाही. मग केसांचे चार भाग, तीन भाग क्लचने वर, एक भाग मोकळा. त्यातली पण एका वेळी बोटभर रुंदीची बट, त्याहून जाड नको. फणी टाळूला टेकवून थेट टोकापर्यंत एकाच ओढीत. प्रत्येक ओढीनंतर पांढऱ्या टिश्यूवर पुसायची आणि बघायचं, पांढऱ्यावर सगळं दिसतं, मोठी ऊ तिळाएवढी, पिल्लं तर टाचणीच्या टोकाएवढी. टिश्यू साबणाच्या गरम पाण्यात. सुरुवात मानेपासून आणि कानामागून, गर्दी तिथेच असते. जागा म्हणाल तर गॅलरी, सकाळचं ऊन, ट्यूबलाइटखाली नाही होत हे काम. चष्मा लागला असेल तर लावा, लाजू नका.

लीख आणि कोंड्यात घोळ होतो, तर कोंडा फुंकर मारली की उडतो, लीख नखाने ओढत टोकापर्यंत न्यावी लागते. टाळूपासून बोटाच्या पेरापेक्षा लांब असलेल्या पांढऱ्या लिखा बहुतेक रिकामी टरफलं असतात, केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो त्यावरून अंदाज येतो. त्या दिसल्या म्हणून घाबरून परत औषध ओतायचं नाही. चालती ऊ दिसते का ते बघायचं.

एका बैठकीला आमच्याकडे तासभर सहज जायचा. पोरीला बसवून ठेवणं ही वेगळीच कला. कार्टून लावलं तर ती मान खाली घालते नाहीतर उडते, म्हणून मी तिला मटार सोलायला दिले, कधी लसूण, कधी टिश्यूवर किती निघाल्या ते मोजायचं काम, आणि हे मोजायचं काम तिला एवढं आवडलं की ती स्कोअर लिहून ठेवायला लागली आणि संध्याकाळी बाबांना अभिमानाने सांगायला लागली, मी म्हटलं बाई गं, पाहुण्यांसमोर नको सांगूस. घरातल्या सगळ्यांची डोकी बघा हे पण करायचंच. माझ्या डोक्यात निघाल्या, मग सासूबाईंनी माझं डोकं धरलं आणि मी त्यांचं, आणि खरं सांगू, इतक्या वर्षांत आम्ही दोघी एवढ्या निवांत कधी बोललो नव्हतो. नवऱ्याचं डोकं दोन मिनिटांत झालं, तिथे उवेने राहायचं म्हटलं तरी कुठे राहणार.

या फणीला किती जुना इतिहास आहे माहितीये का? इस्राएलमध्ये लाखीश नावाच्या जुन्या शहराच्या उत्खननात एक हस्तिदंती फणी सापडली, साधारण ३७०० वर्षांपूर्वीची, आणि २०२२ मध्ये तिच्यावरचा मजकूर वाचून जाहीर झाला, की हा हस्तिदंत केसांतल्या आणि दाढीतल्या उवा उपटून काढो. मी हे सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, बघ, मी सांगत होते ना फणीच खरी.

घरातल्या साफसफाईत फार दमू नका. उशांचे अभ्रे, चादरी, टॉवेल, शेवटच्या दोन-तीन दिवसांत घातलेले कपडे गरम पाण्यात, मशीनला ६० डिग्रीचं सेटिंग असतं ते. कंगवे, रबरं, हेअरबँड गरम पाण्यात दहा मिनिटं. जे धुता येत नाही, म्हणजे आमच्याकडे एक लोकरीचं अस्वल, ते पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर. सोफ्यावर औषधं फवारायची काही गरज नाही, पेस्ट कंट्रोल तर नाहीच. चकोटाचं काय झालं विचाराल तर नाही केला. नुसते केस कमी करावेत म्हटलं तर ऊ टाळूजवळ राहते, त्यामुळे बॉबकट केला तरी तिला फरक पडत नाही, फक्त आपली फणी लवकर होते. फणी लवकर व्हावी म्हणून पोरीला गॅदरिंगच्या तोंडावर रडवायचं मला पटलं नाही.

आता अवघड भाग, बाकीच्या आयांना सांगणं. हे नाही केलं तर बाकी सगळं पाण्यात, तुम्ही घरी कितीही साफ करा, व्हॅनमध्ये शेजारी बसणाऱ्या पोरीच्या डोक्यात असतील तर पुढच्या आठवड्यात परत तेच. क्लासच्या ग्रुपवर टाकायची माझी पण हिंमत नव्हती, आणि टाकलं असतं तर अमकीपासून आल्या, तमकीपासून आल्या हेच सुरू झालं असतं, त्यात बिचाऱ्या व्हॅनच्या मावशींवर आणि घरकामाच्या ताईंवर घसरणारे लोक असतातच, मला त्याची चीड येते. म्हणून मी व्हॅनमधल्या चौघींच्या आयांना एकेक फोन केला. सरळ म्हटलं, "अगं, आमच्याकडे उवा निघाल्यात, तुझ्याकडे पण एकदा बघतेस का?" एकीने गार आवाजात "आमच्याकडे नाही होत असलं काही" म्हणून फोन ठेवला. दुसरी मात्र एकदम सुटलीच, "बरं झालं बाई बोललीस, आमच्याकडे महिनाभर चाललंय, मला वाटलं आमच्याचकडे." आणि पहिलीचा रात्री मेसेज, "लोशनचं नाव पाठव ना 🙏". मग आम्ही ठरवूनच टाकलं, सगळ्यांकडे एकाच रविवारी पहिला डोस, आणि दुसरा पण एकाच दिवशी. त्यानंतरच खरा फरक पडला.

शाळेत पाठवायचं की नाही यावरून थोडी चर्चा झाली. आमचे डॉक्टर म्हणाले पाठवा, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना पण हेच सांगते की उवांसाठी मुलांना घरी बसवू नका, त्या कळेपर्यंत आधीच कित्येक आठवडे डोक्यात असतात. केस घट्ट वेणीत बांधून पाठवलं, टीचरना फक्त कानात सांगून ठेवलं.

चालती ऊ दिसायची बंद झाल्यावर पण दोन आठवडे ओली फणी चालू ठेवली. आता रविवारी न्हाण्याआधी कोरडीच एकदा फिरवते. दोन डोस होऊनही चालत्या उवा दिसल्या तर तिसऱ्यांदा मनाने औषध लावू नका, डॉक्टरकडे दुसरी औषधं असतात. मानेवर पुरळ, पू झालेल्या जखमा, कानामागे गाठी, ताप असं काही असेल तरी आधी डॉक्टर. आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्वतःच्या मनाने कुठलंच लोशन नको, त्याची बिचाऱ्याची नुसती फणी करा, केस असतात केवढे.