गळकी असती तर तरंगली नसती

मुकादम फोनवर म्हणाला, "साहेब, टाकी वर आलीय." टाकीतलं पाणी वर आलं असेल असं धरून मी साइटवर गेलो. टाकीच वर आली होती.

कोकणात उतारावरच्या बंगल्याचं काम. पाण्याची जमिनीखालची आरसीसी टाकी, आतून ४ बाय ३ मीटर, उंची २.४ मीटर. भिंती १५० मिमी, राफ्ट, म्हणजे तळाचा सलग थर, २०० मिमी, वरचा स्लॅब व्हायचा होता. जूनमधला रात्रभराचा पाऊस. लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, चारही कोपरे मोजले. डोंगराकडची बाजू ११ सेंमी वर, दरीकडची ३८. डोंगराकडे भराव झालेला होता, तो भिंतीला धरून बसला, म्हणून टाकी तिरकी उचलली गेली. दरीकडे भराव व्हायचा होता, तिथे खड्ड्यात नुसतं लाल पाणी. इनलेटचा पाइप भिंतीलगत मोडलेला.

मालकांचा पहिला संशय कंत्राटदारावर. "हलकं काँक्रीट वापरलं असणार." दुसरा भूकंपावर. मुकादमाचं म्हणणं वेगळं: "वीस टनाचा माल आहे साहेब, पाणी कसं उचलेल?"

वीस टन बरोबर आहे. राफ्ट आणि भिंती मिळून साधारण ८.१ घनमीटर काँक्रीट, घनमीटरला २.५ टन, म्हणजे २०.२ टन. याच काँक्रीटचा भरीव ठोकळा कितीही मोठा घ्या, बुडणारच. पण त्याच मालाची पेटी केली की ती बाहेरून ४.३ बाय ३.३ बाय २.६, म्हणजे ३६.९ घनमीटर जागा अडवते. २०.२ ला ३६.९ ने भागलं की ०.५५ येतात; पाण्याचा हाच आकडा १. पाण्याच्या दृष्टीने ही टाकी सागाच्या लाकडापेक्षा हलकी. तळाचं क्षेत्रफळ १४.१९ चौरस मीटर, म्हणजे बाहेर पाणी एक मीटर चढलं की वर ढकलणारा जोर १४.२ टनांनी वाढतो. १.४३ मीटरला तो वजनाच्या बरोबरीला येतो आणि टाकी जागा सोडते. मी भिंतींच्या माथ्यापासून पाण्यापर्यंत टेप सोडला. चार बाजूंची सरासरी १.१५ मीटर आली. गणित सांगतं १.१७.

१९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर बंदर उभारायला इंग्रजांनी सहा हजार टनांपर्यंतच्या काँक्रीटच्या पेट्या समुद्रातून ओढत नेल्या आणि तिथे पोचल्यावर आत पाणी सोडून बुडवल्या. आमची पेटी त्यांच्यापुढे डबडं.

मुकादमाची खरी अडचण वजनाची नव्हतीच. "पण पाणी होतंच किती? टाकीभोवतीचा चर दीड फुटाचा," असं तो म्हणत होता. ही शंका इंजिनियरांनाही पडते, फक्त ते बोलत नाहीत. चारही बाजूंचा चर १.४३ मीटरपर्यंत नुसत्या पाण्याने भरला असता तरी ते ११ टनच झालं असतं. त्यातही दोन-तीन बाजूंना दगडमाती, म्हणजे त्याहून कमी. रंगाचा दहा लिटरचा रिकामा डबा घेतला, आत एक वीट ठेवली आणि तो त्याच्यापेक्षा जेमतेम मोठ्या बादलीत ठेवला. मधल्या फटीत मगाने पाणी ओतत गेलो. दुसरा मग संपत आला तसा विटेसकट डबा हलला आणि बोटाने फिरवला तर फिरू लागला. वीट आणि डबा मिळून साडेतीन किलो, पाणी दीड लिटरही नव्हतं. पाणी किती आहे याने काही ठरत नाही, ते किती खोल आहे याने ठरतं. मुकादमाचा पुढचा प्रश्न: "आणि खाली शिरलं कुठून? पीसीसीवर राफ्ट चिकटून आहे." पीसीसी म्हणजे राफ्टखालचा साध्या काँक्रीटचा थर. चिकटून वाटतो. कागदाएवढी फट पुरते, आणि ती असतेच.

आता कुणामुळे झालं ते. टाकीची चाचणी रीतसर झाली होती: बाहेरून भराव न करता पूर्ण भरून सात दिवस ठेवली, भिंतींवर एक ओलसर डाग नाही. असं काम क्वचित बघायला मिळतं. मग आतून वॉटरप्रूफिंगचं प्लास्टर करायचं म्हणून रिकामी केली. रिकामी करा, हे मीच सांगितलं. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून पोरांनी वर ताडपत्री बांधली, ताडपत्रीवर साचलेलं पाणी मडपंपाने उपसलं, आणि होज तीन मीटर कमी पडला म्हणून ते तिथेच भरावावर सोडलं. ते झिरपून पुन्हा चरात. जांभ्यात खोदलेला खड्डा, वरून डोंगराचं पाणी उतरतंय, बाहेर जायला वाट नाही. टाकी गळकी असती तर आत-बाहेर पाणी सारखं झालं असतं आणि ती जागची हलली नसती.

ड्रॉइंगवर शेरा आहे: 'भूजल आढळले नाही.' ट्रायल पिट, म्हणजे जमीन तपासायचा खड्डा, एप्रिलमध्ये घेतला होता. एप्रिलमध्ये कोकणात भूजल आढळणार कुठून? वीस पावलांवर विहीर आहे, तिच्यात त्या सकाळी पाणी काठाच्या दोन हात खाली होतं. एका रुपयाचा खर्च नाही, नुसतं वाकून बघायचं. जमिनीखालची टाकी म्हटलं की सगळे आतल्या पाण्याचा दाब काढतात, बाहेरच्याचा कुणी काढत नाही.

मालक म्हणाले, आधी खड्डा उपसा. तेवढं मात्र होऊ दिलं नाही. राफ्टखाली गाळ शिरलेला असतो, खड्डा उपसला की टाकी त्या गाळावर तिरकीच बसते आणि कोपऱ्यात तडकते. उलट ती तरंगती ठेवली. डोंगराकडचा अडकलेला भराव काढला तशी ती आपोआप सरळ झाली. चौघांनी खांदा लावून वीस टन माल जागेवर सरकवला, क्रेन नाही काही नाही. राफ्टखाली पाण्याचा जेट मारून पीसीसीवरचा गाळ धुतला, गढूळ पाणी निवळेपर्यंत. मग खड्ड्यातलं पाणी १५-१५ सेंमीने उतरवलं, दर टप्प्याला चारही कोपऱ्यांवर ट्यूब. बसली तेव्हा फरक १८ मिमी. राफ्टला ४० मिमीची चार भोकं पाडून सिमेंटची स्लरी सोडली आणि ती भोकं नॉन-श्रिंक, म्हणजे सुकताना न आकसणाऱ्या, ग्राउटने बंद केली. आत लगेच दोन मीटर पाणी भरून ठेवलं. अर्धी टाकी भरून भागत नाही: खड्डा काठोकाठ भरला तर १.४ मीटरला जेमतेम तोल राहतो.

कायमचा उपाय म्हणून राफ्टच्या कडेला केमिकल अँकरने, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवून, सळया बसवल्या आणि बाहेर ६०० मिमीची कॉलर, म्हणजे चारही बाजूंनी काँक्रीटची पट्टी, ओतली. तिच्यावरची माती टाकीला दाबून धरते. स्लॅब धरून, टाकी रिकामी आणि जमीन पाण्याने पूर्ण भरलेली अशा वाईट अवस्थेतही हिशेब, म्हणजे खाली दाबणारं वजन भागिले वर ढकलणारा जोर, १.३ च्या पुढे जातो. मी किमान १.२ धरतो. शिवाय तळातून ११० मिमीचा भोकं पाडलेला पाइप खाली दरीकडे काढून दिला. उतार होता, हा पाइप पहिल्याच दिवशी टाकता आला असता. बिल हजारांत झालं असतं.

अहवालात 'कारण' असा रकाना आहे. तो अजून कोरा आहे. मालकांना तिथे कंत्राटदाराचं नाव हवंय.

परवा त्यांचाच फोन आला. सेप्टिक टाकी उपसायला उद्या टँकर बोलावलाय, शेजाऱ्यांची आणि यांची एकदमच. फायबरची, २००० लिटरची. जुलै चालू आहे.

मी विचारलं, "विहिरीत पाणी कुठवर आलंय?"