आयपॉडमधली हार्ड डिस्क काढून कार्ड घालताना, आणि त्यावर ख्याल ऐकताना

कपाटात जुना आयपॉड, म्हणजे ॲपलचं खिशातलं गाणी ऐकायचं यंत्र, पडून असेल तर तो भंगारात देऊ नका. बंद पडलेल्या आयपॉडमध्ये बहुतेक वेळा दोनच गोष्टी गेलेल्या असतात, बॅटरी आणि हार्ड डिस्क. पडदा, चक्र, मदरबोर्ड सहसा ठणठणीत असतात. ख्याल ऐकणाऱ्या माणसाला तर या यंत्राचा मोठा आधार आहे. मध्येच फोन वाजत नाही, जाहिरात येत नाही, आणि तासाभराची मैफल एका दमात ऐकता येते.

इथे लिहितोय ते पाचव्या पिढीच्या आयपॉडबद्दल. हा ऑक्टोबर २००५ मध्ये ३० आणि ६० जीबीत आला. सप्टेंबर २००६ मध्ये ३० आणि ८० जीबीची सुधारित आवृत्ती आली, तिला लोक ‘साडेपाचवी पिढी’ म्हणतात. पाठीवर बारीक अक्षरांत ए११३६ हा मॉडेल क्रमांक असतो. नंतरचा ‘क्लासिक’ दिसायला देखणा आहे, पण त्याचा पुढचा भाग ॲल्युमिनियमचा. उघडताना धातूची कड वाकते आणि पुन्हा सरळ बसत नाही. शिवाय २००७ आणि २००८ च्या क्लासिकला मूळ सॉफ्टवेअरवर १२८ जीबीच्या पुढची जागा दिसत नाही. ही अडचण २००९ च्या १६० जीबीवाल्यात नाही, उघडण्याची कटकट मात्र आहेच. पहिल्यांदाच हात घालणार असाल तर प्लास्टिकच्या तोंडाची पाचवी पिढीच घ्या. वुल्फसन कंपनीच्या ध्वनी-चिपमुळे या पिढीचं फार कौतुक होतं. माझ्या मते फाइल आणि हेडफोन चांगले नसतील तर त्या चिपने काही साधत नाही.

सेकंडहँड घेताना चार गोष्टी हातात घेऊन तपासा. होल्डचं (बाकीची बटणं बंद ठेवणारं) बटण दोन्ही बाजूंना नीट सरकतं का? चक्रावर बोट फिरवल्यावर आवाज सलग वाढतो का? जॅकमध्ये हेडफोनची पिन गोल फिरवली तर एक कान बंद पडतो का? पडत असेल तर जॅक गेलाय, आणि तो पाठीला जोडलेला सुटा भाग असल्यामुळे त्याचा खर्च वेगळा धरा. चौथी गोष्ट म्हणजे डिस्क. मेनू आणि मधलं बटण सहा ते आठ सेकंद एकत्र दाबा, यंत्र रीसेट होतं. सफरचंद दिसताच मधलं आणि मागे जाण्याचं बटण दाबून धरलं की तपासणीचा मेनू उघडतो. त्यात डिस्कचा स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, मिळतो. ‘रिॲलॉक’ आणि ‘पेंडिंग’ हे खराब झालेल्या जागांचे आकडे शून्यापासून जितके लांब, तितकी डिस्क मरणाच्या जवळ. डिस्क बदलायचीच असेल तर हे आकडे भाव करायला उपयोगी पडतात.

उघडण्याआधी जुनी गाणी वाचवा. आयट्यून्सने भरलेली गाणी आयपॉडवर ‘आयपॉड कंट्रोल’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतात आणि प्रत्येक फाइलला चार अक्षरांचं निरर्थक नाव असतं. घाबरू नका, आतले टॅग (फाइलीतच लिहिलेली गाण्याचं नाव, कलाकार वगैरे माहिती) शाबूत असतात. लपलेल्या फाइल दाखवायचा पर्याय चालू करून आतलं ‘म्युझिक’ फोल्डर कॉम्प्युटरवर उतरवा. मग एमपीथ्रीटॅग या प्रोग्रॅमने टॅगवरून फाइलींना नावं देता येतात. कित्येकांच्या घरातली दुर्मिळ रेकॉर्डिंग आज फक्त अशाच एखाद्या आयपॉडवर उरलेली असतात, म्हणून ही पायरी गाळू नका.

आता उघडणं. होल्ड लावा, यंत्र बंद ठेवा. गिटारचा पिक किंवा प्लास्टिकची पातळ पट्टी घ्या. स्क्रू ड्रायव्हर घालू नका, स्टीलच्या कडेला कायमची खाच पडते. लांब बाजूच्या फटीत पिक घालून हळूहळू पुढे सरकवा, एकेक खटका सुटल्याचा आवाज येतो. दोन्ही बाजू सुटल्या की मोह होतो तो झटकन उघडायचा, आणि नुकसान नेमकं तिथेच होतं. पाठ आणि पोट दोन नाजूक पट्ट्यांनी जोडलेले असतात, एक बॅटरीची आणि एक हेडफोन जॅकची. पुस्तक अर्धवट उघडावं तेवढंच उघडा. बॅटरीच्या पट्टीच्या कनेक्टरवर एक चिमुकला दांडा असतो, तो नखाने किंवा प्लास्टिकच्या टोकाने केसभर वर उचला आणि मगच पट्टी ओढा. हा दांडा तुटला तर पट्टी पुन्हा घट्ट बसत नाही, आणि आयपॉड वारंवार बंद पडायला लागतो. दांडा उचलायला पाच मिनिटं लागली तरी चालतील. त्यानंतर जॅकची पट्टी तशीच सोडवा, पाठ वेगळी होते. डिस्क रबराच्या कोपऱ्यांत नुसती ठेवलेली असते. ती उलटी करून तिच्या पट्टीचं कुलूप उचला की डिस्क हातात येते.

डिस्कच्या जागी बसतो तो आयफ्लॅश बोर्ड, मेमरी कार्डाला डिस्कसारखं जोडणारा. ‘सोलो’त एक एसडी कार्ड, ‘ड्युअल’मध्ये दोन, ‘क्वाड’मध्ये चार मायक्रोएसडी. २५६ जीबीचं एकच कार्ड बहुतेकांना पुरतं. ३२० केबीपीएसचा एमपीथ्री मिनिटाला २.४ एमबी घेतो. सीडीवरून केलेली फ्लॅक फाइल (यात आवाजातलं काही गाळलं जात नाही) मिनिटाला साधारण ५ ते ६ एमबी. म्हणजे ४० मिनिटांचा ख्याल फ्लॅकमध्ये २०० ते २४० एमबी, आणि अशा हजारभर मैफली २५६ जीबीत मावतात. बोर्ड परदेशातून मागवावा लागतो. चिमटे, प्लास्टिकची हत्यारं, कॅप्टॉन टेप (वीज न वाहू देणारी पातळ चिकटपट्टी) असलं सामान लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतं.

कार्ड घातल्यावर नव्हे, घालण्याआधी तपासा. खोट्या क्षमतेची कार्डं बाजारात सर्रास आहेत. वर २५६ लिहिलेलं असतं, आत ३२ असतात, आणि पुढची गाणी हवेत लिहिली जातात. तपासायला विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफथ्री हे प्रोग्रॅम वापरा. ते सगळं कार्ड भरून पुन्हा वाचून बघतात, रात्री लावून झोपा. बोर्ड बसवताना पट्टी कनेक्टरमध्ये एकसारखी आत गेली पाहिजे. किंचित तिरकी राहिली तरी पडद्यावर फोल्डर आणि उद्गारचिन्ह दिसतं. अशा वेळी कार्डाला दोष देण्याआधी पट्टी काढून पुन्हा बसवा. बोर्डाच्या मागे कॅप्टॉन टेप चिकटवा, कारण पाठ धातूची आहे आणि शॉर्ट व्हायला तेवढंच कारण पुरतं.

बॅटरी याच वेळी बदला, दोनदा उघडू नका. ती पाठीला चिकटवलेली असते. टोचून, वाकवून काढू नका, कडेने प्लास्टिक सरकवत चिकट सैल करा. डिस्क गेल्यामुळे आत जागा उरते आणि मूळच्यापेक्षा मोठी बॅटरी बसू शकते. पण ३० जीबीवाल्याची जाडी ११ मिलिमीटर, ६० आणि ८० वाल्यांची १४, हे ध्यानात ठेवून मापं मिलिमीटरमध्ये तपासूनच मागवा. जबरदस्तीने दाबून बंद केलेली बॅटरी पडद्यावर आतून दाब देते आणि पुढे फुगली तर पडदाच जातो.

पाठ पूर्ण दाबून लावण्याआधी चाचणी घ्या. आयट्यून्स किंवा मॅकच्या फाइंडरला जोडलं की ‘रिस्टोअर करा’ असं येतं. विंडोज मध्येच कार्ड फॉरमॅट करायचं का विचारेल, तिथे नाही म्हणा. रिस्टोअर अडकत असेल तर यूएसबी हब काढा, केबल बदला, कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावा. आणि हे काम विंडोजवरच करा. मॅकवर रिस्टोअर केलं की डिस्कची फाइल ठेवायची पद्धत एचएफएस प्लस होते, आणि पुढच्या पायरीला फॅट३२ ही पद्धत लागते.

पुढची पायरी म्हणजे रॉकबॉक्स, आयपॉडवर चालणारं पर्यायी सॉफ्टवेअर. ॲपलचं मूळ सॉफ्टवेअर फ्लॅक, ऑग, ओपस या प्रकारच्या फाइल वाजवत नाही. रॉकबॉक्स हे सगळं वाजवतं, आणि गाणी कुठल्याही फोल्डरमध्ये नुसती ओढून टाकता येतात. आयट्यून्स बंद करा, ‘रॉकबॉक्स युटिलिटी’ चालवा, ती आयपॉड ओळखते आणि बूटलोडर (सुरू होताना रॉकबॉक्स चालू करणारा छोटा प्रोग्रॅम) बसवते. मूळ सॉफ्टवेअर जात नाही. यंत्र सुरू होताच होल्ड सरकवलं की तेच चालू होतं. कव्हरचं चित्र दिसत नसेल तर बहुतेक वेळा ते प्रोग्रेसिव्ह जेपेग असतं. साधं बेसलाइन जेपेग करून घ्या. ३२० × २४० च्या पडद्याला तीनशे पिक्सेलचं चित्र पुष्कळ झालं.

आणि आता ज्यासाठी हा खटाटोप, ते ऐकणं. सीडीवर विलंबित आणि द्रुत दोन वेगळे ट्रॅक असतात, पण मैफलीत तानपुरा थांबलेला नसतो. ट्रॅक बदलताना अर्धा क्षण जरी शांतता आली तरी समेवर हात आपटल्यासारखं होतं. एमपीथ्रीत ही शांतता येते, कारण एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री तयार करणारा प्रोग्रॅम, फाइलीच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडे रिकामे, आवाज नसलेले नमुने भरतो. लेम एन्कोडर त्यांची नोंद फाइलीत ठेवतो, आणि रॉकबॉक्स ती वाचून तेवढा भाग वगळतो. अनोळखी ठिकाणच्या एमपीथ्रीत ही नोंद बरेचदा नसते, तिथे इलाज नाही. म्हणून स्वतःच्या सीडी फ्लॅकमध्येच उतरवा, तिथे हा प्रश्नच येत नाही. क्रॉसफेड (एक ट्रॅक विरताना दुसरा त्यात मिसळणं) बंद ठेवा. सिनेसंगीताला तो चालतो, ख्यालात तो द्रुतची पहिली मात्रा खातो.

आवाजाच्या पातळीसाठी रिप्लेगेन वापरा, त्याने सगळ्या फाइलींचा आवाज सारखा होतो. कॉम्प्युटरवरच्या फूबार या प्रोग्रॅमने एकदा हिशेब करून टॅगमध्ये लिहून ठेवायचं. मैफल सलग ऐकताना ‘अल्बम’ निवडा, नाहीतर विलंबितचा मंद्र सप्तक उगाच वर उचलला जातो. ७८ च्या तबकड्यांवरून उतरवलेलं नाट्यसंगीत एकत्र लावलं असेल तर ‘ट्रॅक’, कारण एकेका तबकडीची पातळी निराळी असते.

टॅगचं मराठीशी थोडं भांडण आहे. रॉकबॉक्स देवनागरी अक्षरं दाखवू शकतं, युनिफॉन्टसारखा फॉन्ट निवडला तर चौकोन येत नाहीत. पण जोडाक्षरं जुळवणं त्याला जमत नाही. ‘विलंबित’मधली ऱ्हस्व वेलांटी ‘व’च्या आधी यायच्या ऐवजी नंतर येते, ‘द्रुत’मधला द पाय मोडून वेगळा उभा राहतो. सवयीने वाचता येतं, तरी डोळ्यांना खुपतंच. मी तोडगा सुचवतो तो असा: शीर्षक, कलाकार, अल्बम रोमनमध्ये, आणि बंदिशीचे शब्द देवनागरीत टिप्पणीच्या रकान्यात, म्हणजे कॉम्प्युटरवर ते नीट वाचता येतील. शीर्षकात राग आधी, ताल नंतर. संकीर्ण संग्रहात ‘अल्बम आर्टिस्ट’ भरायला विसरू नका, नाहीतर एका अल्बमचे गायकागणिक वीस तुकडे होतात. गाणी भरून झाल्यावर सेटिंगमध्ये डेटाबेस एकदा ‘इनिशियलाइज’, पुढे नवी भर पडली की फक्त ‘अपडेट’.

बुकमार्क चालू करा. थांबवताना जागा नोंदवायची आणि फाइल उघडताना तिथूनच सुरू करायचं, असे दोन वेगळे पर्याय आहेत, दोन्ही लावावे लागतात. ५० मिनिटांचा दरबारी दादरला उतरताना थांबवला, तर संध्याकाळी परतीच्या गाडीत त्याच आलापावर सुरू होतो.

आयपॉड महिनोन्‌महिने ठेवून द्यायचा असेल तर बॅटरी निम्म्याच्या आसपास ठेवा, आणि दोन-तीन महिन्यांनी थोडी भरा. मधल्या काळात पडद्यावर डाग किंवा पाठीला फुगवटा दिसला तर चार्जिंगला लावू नका. उघडा, बॅटरीची पट्टी सोडवा, आणि ती बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.