तुम्ही विचारलंत म्हणून: सड्यावर झाडे लावायला माझा विरोध का?

पावसाळा तोंडावर आला की प्रश्न ठरलेला असतो: "पक्ष्यांवर एवढा जीव आहे, मग सड्यावर झाडं लावायला विरोध का करता?" तोंडी उत्तरे देऊन थकलो, म्हणून आता लिहून ठेवतो.

मी झाडांचा वैरी नाही. पण साताऱ्याच्या पश्चिमेकडचे सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारे, ही तोडलेली जंगले नव्हेत. कातळावर मातीचा थर इतका पातळ आहे की तिथे गवत आणि पावसाळी फुलेच तग धरतात, आणि त्या मोकळेपणावरच माळटिटवी, मलबार चंडोल आणि हिवाळ्यात येणारा भोवत्या हा शिकारी पक्षी जगतो. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला शत्रू लांबून दिसावा लागतो. मध्ये झाड उभे राहिले की कावळ्याला टेहळणीची जागा मिळते. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरले म्हणून तिथे कौतुक, आणि तसाच दुसरा सडा मात्र सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन.

एका मे महिन्यात अशाच सड्यावर वृक्षारोपणासाठी खड्डे घेणे सुरू होते. फक्कीने आखलेल्या रांगेतच माळटिटवीचे घरटे होते: खड्यांच्या कडेत चार मातकट अंडी, काळ्या ठिपक्यांची, दोन पावलांवरूनही न दिसणारी. आदल्या संध्याकाळी मी मुकादमाला जागा दाखवली आणि त्यानेही ती सोडायचे मनापासून कबूल केले. सकाळी पोहोचलो तेव्हा जेसीबीने उपसलेला ढीग नेमका तिथेच पडला होता आणि दोन्ही पक्षी ओरडत यंत्रावर झेपावत होते. चालकाने आपणहून इंजिन बंद केले, खाली उतरला आणि म्हणाला, "आता ही माती कुठं टाकू, सांगा." मला सांगता आले नाही.

त्या कामावर गावातल्या बायकांना मजुरी मिळत होती, हे मी विसरत नाही. तेव्हा मी सड्याला कुंपण घालण्याचा आग्रह धरत असे. आज तसे म्हणवत नाही, कारण गुरे चरतात म्हणून गवत आखूड राहते आणि माळटिटवीला आखूड गवतच लागते. पण गुरे वाढली की अंडी तुडवली जातात. किती गुरे असावीत, यावर गावात आमचे अजून एकमत नाही.

तोवर मार्च ते जून सड्यावर यंत्र नेऊ नका. झाडे लावायचीच तर ओढ्याकाठी लावा. खड्डे खणायला मी येईन.