मोटारीचा पैसा खात्यातच होता

2022 च्या डिसेंबरात मी सरपंच म्हणून निवडून आले आणि पुढच्याच एप्रिलात गावविहिरीवरची मोटार जळाली. पारोळा तालुक्यातला उन्हाळा. बाया भरदुपारी हंडे घेऊन मळ्यात जायला लागल्या. आप्पा रोज ओट्यावरून हाक मारायचे, "ताई, पैसा उना का?"

पैसा आलेला होता. पंधराव्या वित्त आयोगाचा हप्ता ग्रामपंचायतीच्या खात्यात पडून होता, पण खर्चता येत नव्हता.

ग्रामसेवक भाऊंनी वहीत रेघ मारून समजावलं. 60 टक्के बंधित: त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. 40 टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे. पगार आणि आस्थापना खर्च मात्र त्यातून नाही. आमच्या वर्षाच्या कामांच्या आराखड्यात अबंधितमधून पेव्हर ब्लॉक होते, पाण्याच्या वाट्यातून जुनी पाइपलाइन. मोटार कुठेच नव्हती, आणि आराखड्यात नसलेल्या कामाचं बिल ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर निघत नाही. मग ग्रामसभा घेतली, ठराव केला, पूरक आराखडा चढवला.

खरं अडलं ते माझ्या सहीवर. चेक बंद झालेत. ग्रामसेवक आणि सरपंच, दोघांची डिजिटल सही लागते. माझं पॅन माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या. सहीचा अर्ज दोनदा परत आला. दुसऱ्या खेपेला टेबलापलीकडचे साहेब म्हणाले, "मिस्टरांना पाठवून द्या." मी म्हटलं, सही माझी आहे, मीच येणार. पॅन दुरुस्त होऊन सही मिळेपर्यंत पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांचा राग अजून आहे मला.

कारण हा पैसा कुणाची मेहेरबानी नाही. 73 व्या घटनादुरुस्तीपासून वित्त आयोगाला पंचायतींचाही विचार करावा लागतो. या निधीतला 80 टक्के वाटा महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला दहा-दहा.

सहीचा डोंगल, पेनड्राइव्हसारखा असतो तो, मी देवघरात, कुंकवाच्या डबीजवळ ठेवते. त्या दिवशी तो लावला, पिन टाकला, आणि रक्कम थेट दुकानदाराच्या खात्यात गेली. चौथ्या दिवशी दोर लावून नवी मोटार विहिरीत सोडली.

आता पंचायतीच्या भिंतीवर बंधित किती, अबंधित किती, शिल्लक किती, हे दर महिन्याला खडूने लिहितो. आप्पांना वाचता येत नाही. त्यांची नात शाळेतून येताना आकडे पाहून येते आणि ओट्यावर त्यांना सांगते.