तुम्ही विचारलंत म्हणून: हे माणसामुळेच कशावरून?

हवामानाच्या मॉडेलवर, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये गणिताने मांडलेल्या पृथ्वीच्या हवामानावर, काम करतो असं सांगायची खोटी, की प्रश्न ठरलेला. "पृथ्वी पूर्वीही तापायची-निवायचीच की! आत्ताचं माणसामुळेच कशावरून?"

प्रयोगाला दुसरी पृथ्वी मिळत नाही. म्हणून 1850 पासूनची पृथ्वी मॉडेलमध्ये दोनदा चालवायची. एकदा फक्त सूर्य आणि ज्वालामुखी घालून, एकदा त्यात कार्बन डायऑक्साइड, मिथेन, धुराचे कण मिसळून. पहिल्या रनमध्ये गेल्या पन्नासएक वर्षांतली वाढ येतच नाही. 'आयपीसीसी' या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा 2021 चा अहवाल म्हणतो, 2010-19 पर्यंत माणसामुळे सुमारे 1.07 अंश, सूर्य-ज्वालामुखींचा वाटा उणे 0.1 ते अधिक 0.1.

"मॉडेल तुमचं, उत्तरही तुमचंच." हेही ऐकून झालंय. मग पिनातुबोचं काय? जून 1991 मध्ये तो फिलिपाइन्समधला ज्वालामुखी फुटला आणि जग तात्पुरतं सुमारे अर्ध्या अंशाने निवेल, असं 'नासा'चे हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांच्या गटाने थंडावा पुरता दिसण्याआधीच मॉडेलवरून छापलं. निवलं. शिवाय सूर्य जास्त तापला असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो थंड होतोय. कार्बन डायऑक्साइड वाढला की असंच होईल, हे मानाबे आणि वेदरल्ड या शास्त्रज्ञांनी 1967 मध्येच दाखवलं होतं.

इतकं पाठ असूनही एकदा माझी बोलती बंद झाली. मार्च 2014 ची गारपीट. निफाडकडे मामांची द्राक्षबाग, माल काढणीला आलेला. मी पोचलो तेव्हा घड फुटून लोंबत होते, खाली मण्यांचा चिखल, आणि मामी त्यातूनही बेदाण्याला काही निघतंय का बघत होती. मामांनी विचारलं, "काय रे, तुझ्या कॉम्प्युटरात ही गार होती का?"

नव्हती. आमचं मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतं, त्यातला एक चौकोन शंभरेक किलोमीटरचा. अख्खा तालुका त्यात बुडतो. गारांचा ढग काही किलोमीटरचा. तसं सांगितलं.

"बरं, मग ही माणसामुळे का निसर्गामुळे?"

"नाही सांगता येत, मामा."

ते काही बोलले नाहीत. मामेभाऊ बोलला, "मग पगार कशाचा घेतोस, दादा?"

'हवामानबदल' म्हणून मोकळा झालो असतो तर? टीव्हीवर सगळे म्हणतच होते. मामांना निदान कुणावर तरी चिडता आलं असतं. ठाऊक नाही ते नाही म्हणावं, हा तेव्हाचा माझा बाणा. आज तो मला कधी प्रामाणिकपणा वाटतो, कधी निव्वळ अंग काढून घेणं. उष्णतेच्या लाटेत माणसाचा हात किती, हे आता बऱ्यापैकी सांगता येतं. पण मामांनी लाटेचं विचारलं नव्हतं.

मामेभाऊ आता बागेवर प्लास्टिकचं आच्छादन टाकायचं म्हणतोय. खर्च एकरी लाखांत. "गारा वाढणार की नाही, एका शब्दात सांग." मी तेच सांगतो, आणि तो तसाच चिडतो.